खाते कोणत्या नावाने

हृदयाची एक झडप बदलावी लागेल असे नोएडातील डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मला सर्वांत आधी बँक आठवली. झडपेची काळजी डॉक्टर घेणार होते. बँकेची काळजी मलाच घ्यायची होती.

ज्या सरकारी उपक्रमात मी नोकरी केली तेथे निवृत्तिवेतन नव्हते. निवृत्त होताना जे मिळाले ते एकदाच मिळाले, आणि ते मी कार्यालयाशेजारच्या एका लहान सहकारी बँकेत ठेव म्हणून ठेवले. आमच्याच कर्मचाऱ्यांनी पूर्वी काढलेली ती बँक आहे. एक दालन, चार खुर्च्या आणि पंख्याखाली बसणारा एक व्यवस्थापक. खाते माझ्या एकट्याच्या नावाने होते. पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून लिहिलेले होते, आणि तेवढे पुरेसे आहे अशी माझी समजूत होती.

ती समजूत खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी घालवली. मयूर विहारमधील आमच्या सोसायटीत मराठी घरे मोजकी. त्यांतले त्यांचे एक. मागच्या हिवाळ्यात त्यांचे यजमान वारले. त्यानंतर एकदा मेट्रोच्या जिन्याखाली त्या मला बसलेल्या दिसल्या. मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. चपला काढून ठेवल्या होत्या.

"काय झाले, वहिनी?"

"काही नाही, भाऊजी. बँकेतून आले. ते म्हणतात, नॉमिनीच्या कागदावरची सही जुळत नाही, सगळ्या वारसांना सहीला आणा. मुलगा परदेशात बसलाय. त्याला काय पोत्यात घालून आणू?"

त्या हसल्या. मला हसू आले नाही. नवऱ्याच्या हयातीत ज्या बाईने स्वतःसाठी कधी रांग लावली नव्हती, ती आता रोज कोणत्या ना कोणत्या खिडकीसमोर उभी राहत होती. त्यांच्या जागी मी माझी पत्नी बसलेली पाहिली. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. डॉक्टरांच्या समोर बसलो होतो तेव्हाही ते तेथेच होते.

मुलगी नोएडात एका संगणक कंपनीत काम करते. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आईबरोबर मोठ्या बँकेत जॉइंट अकाउंट उघडा. बिल्कुल सिंपल आहे. घरबसल्या फोनवर होतं."

"फोनवर नको. मी तेथे जाईन."

"अच्छा, मग मी सुट्टी घेते."

"गरज नाही."

"बाबा, यार, तुम्ही पण ना..."

"मी तुझा यार नाही," मी म्हणालो. तिची आई स्वयंपाकघरातून हसली.

मोठ्या बँकेची मला भीती वाटत होती, हे त्या दोघींना मी सांगितले नव्हते. मोठ्या बँकेत कोणी कोणाला ओळखत नाही. तेथे माणूस म्हणजे एक फोन आणि त्यावर येणारा एक आकडा. आमच्याच सोसायटीतील एका गृहस्थांना कोणी पोलिसांचा वेष घालून फोनच्या पडद्यासमोर दिवसभर बसवून ठेवले होते आणि त्यांच्या खात्यात काहीही उरू दिले नव्हते. ते गृहस्थ आता बागेत फिरायला येतात, पण कोणाकडे पाहत नाहीत. तसे आपले झाले तर, हा एक विचार. आणि खाते उघडलेच नाही तर त्या जिन्याखाली पत्नी बसलेली, हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये मी काही आठवडे काढले. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि विचार करण्याची मुभा संपली.

बाजारातल्या त्या शाखेत आम्ही दोघे गेलो. काचेची दारे, गारठा, यंत्रातून निघणारे टोकन. पत्नीने पदर अंगभर घेतला. समोर एक तरुण मुलगी बसली होती. ती नम्र होती, ही गोष्ट मान्य करायला हवी. तिने आमची आधार आणि पॅन कार्डे घेतली, पडद्यावर आकडे टाकले आणि थांबली. पुन्हा टाकले.

"अंकल, आपका तो हो गया. आंटीजी का नहीं हो रहा. दोनों कार्ड में नाम अलग है."

"आडनाव वेगळे असेल. लग्नाआधीचे," मी हिंदीत म्हणालो.

"नहीं अंकल, पूरा नाम. ये तो दो अलग लेडीज़ हैं."

आणि मग तिने पत्नीकडे वळून, अगदी सौजन्याने, विचारले, "आंटीजी, आप ही तय कर लीजिए. इनमें से आप कौन हैं?"

मी दोन्ही कार्डे तिच्यापुढून उचलून वाचली.

जे झाले होते त्यात कोणाचाही दोष नव्हता. लग्नात माझ्या पत्नीचे नाव बदलण्यात आले. आमच्याकडे ती रीत होती. तिचे माहेरचे जे नाव, तेच माझ्या चुलतीचे होते. एकाच घरात हाक मारली की दोघींनी ओ द्यायची, हे आत्याला पसंत नव्हते. म्हणून ताटात तांदूळ पसरून माझ्या हातात अंगठी दिली गेली आणि आत्याने कानात सांगितलेले नाव मी तांदळांवर लिहिले. सर्वांना पेढे वाटले. त्या दिवसापासून ती त्या नावाची झाली. शिधापत्रिकेवर तेच, आणि शिधापत्रिका दाखवून काढलेल्या आधारवरही तेच. पण मधल्या काळात ती येथील एका बालवाडीत शिकवत असे. शाळेने मॅट्रिकचे प्रमाणपत्र मागितले, आणि त्या प्रमाणपत्रावरून पॅन कार्ड काढून दिले. त्यावर वडिलांनी ठेवलेले नाव आले. दोन्ही कार्डे एकाच कप्प्यात इतकी वर्षे शेजारी शेजारी पडून होती. मी ती अनेकदा पाहिली होती. मला दोन्ही नावांची स्त्री एकच दिसत होती, म्हणून फरक दिसला नाही.

"लग्नानंतर नाव बदलले, याचा कागद आणा," त्या मुलीने हिंदीत समजावले. "विवाहाचा दाखला चालेल. लग्नाची पत्रिका असली तरी बघता येईल."

दाखला आम्ही कधी काढला नव्हता. पत्रिका घरी होती. परंतु पत्रिका लग्नाच्या आधी छापतात. तिच्यावर माहेरचेच नाव होते. सासरचे नाव ज्या एका ठिकाणी लिहिले गेले ते तांदूळ होते. त्यांचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार.

घराशी रिक्षातून उतरताना पत्नी म्हणाली, "काय हो, इतकी वर्षं तुम्ही दोन बायकांबरोबर संसार केलात. बोलला नाहीत कधी."

"थट्टा पुरे."

"मग काय रडू?"

त्या दिवसापासून माझी भीती वेगळी झाली. पूर्वी मला पैशाची भीती वाटत होती, आता माणसाची वाटू लागली. मी गेल्यावर ही बाई आपण कोण आहोत हे कोणाला, कशाने पटवून देणार? मी हयात होतो तोवर प्रश्न नव्हता. कोणीही विचारले तर मी सांगितले असते, ही माझी पत्नी. तिचा सगळ्यांत मोठा पुरावा मीच होतो, आणि त्या पुराव्याची झडप निकामी झाली होती.

मी चौकशी केली. आयुष्यभर कचेरीत काम केल्यामुळे कचेरीतील माणसांकडून उत्तर कसे काढावे हे मला कळते. दोन मार्ग निघाले. पॅन बदलून सासरचे नाव घालायचे, तर विवाहनोंदणी, साक्षीदार, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्र. शस्त्रक्रियेपूर्वी यांतले निम्मेही झाले नसते. उलट आधार बदलून माहेरचे नाव घालायचे, तर पॅन आणि मॅट्रिकचे प्रमाणपत्र हातात होते. ते लवकर होण्यासारखे होते.

परंतु दुसऱ्या मार्गावर एक खड्डा होता आणि तो मला स्पष्ट दिसत होता. लहान बँकेत नॉमिनी म्हणून सासरचे नाव होते. आज त्या नावाचा एकच पुरावा तिच्यापाशी होता, तो म्हणजे आधार. तोच आपल्या हाताने बदलला, की माझ्या ठेवींची नॉमिनी या पृथ्वीवर उरत नव्हती. नवे खाते उघडून पैसे त्यात जाईपर्यंत मधला जो काळ, त्या काळात मी गेलो असतो तर तिच्या हाती काहीच नव्हते.

मी हे तिला सांगितले. ती मेथी निवडत होती.

"तुमची झडप त्याच मधल्या काळात बंद पडणार, हे तिनं तुम्हाला कळवलंय का?"

"संभव आहे, एवढेच मी म्हणतो."

"नॉमिनी बदलून घ्या तिथला."

"नवे आधार आल्याशिवाय तेथे नवे नाव घेत नाहीत. मी विचारून आलो."

ती थोडा वेळ काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "मला एक सांगा. नॉमिनी मेल्यावर लागतो ना? जिवंतपणी चेक लिहायला नातं लागतं का?"

"नाही."

"मग चेक लिहा. खातं निघालं की सगळं त्यात टाका. माझ्या बाबांनी ठेवलेल्या नावावर."

"संयुक्त खाते काढू. माझे नाव पहिले, तुझे दुसरे."

"नको."

"का?"

"खालच्या वहिनी काय करत होत्या सहा महिने? त्यांच्या यजमानांचं नाव काढत होत्या. सगळीकडून. गॅस, वीज, बँक." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुमचं नाव खोडून द्या म्हणून मी कुठल्या खिडकीत उभी राहणार नाही. नसेलच तर खोडायला नको."

मी पेपर उचलला आणि वाचल्यासारखे केले.

खरे सांगायचे तर मला ते पचले नव्हते. स्वतःचा सगळा जमाखर्च एका अशा नावाने करायचा, ज्या नावाने मी कधी तिला हाक मारली नाही. आणि त्या खात्यात माझा उल्लेखही नाही. मुलीने फोनवर ऐकले तेव्हा तीही चाचरली. "आई, एकटीचं? पक्का? माझ्या अकाउंटला टाका ना, मी आहे ना."

"तू आहेस, बाई. पण तू उद्या बदली होऊन बंगळुरूला गेलीस, तर मी भाजीला पैसे मागायला फोन करू?"

"आई, तसं नाही यार..."

"ही मला पण यार म्हणते हो," ती मला म्हणाली. विषय तेथे संपला.

आधार केंद्र शाळेच्या एका खोलीत होते. तेथील माणसाने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले. नाव टंकले आणि पडदा आमच्याकडे फिरवला. बरोबर आहे का, ते पाहून घ्या, म्हणाला. पत्नीने चष्मा लावून वाचले आणि "बरोबर" म्हटले. मीही वाचले. अंगठे, डोळे, पावती. काम फार थोड्या वेळात झाले. पावती खिशात घालून बाहेर आलो. आता आपण त्या खड्ड्यात उतरलो आहोत, हे मला ठाऊक होते.

नवे आधार येईपर्यंतचे दिवस मी जसे काढले तसे दिवस मी पूर्वी काढले नव्हते. जिना चढताना मध्ये थांबू लागलो. ओझे उचलणे सोडले. अंघोळीला दाराची कडी लावीनासा झालो. मरणाची भीती प्रत्येकाला असते. मला मात्र मरण चार दिवस पुढे ढकलायचे होते, आणि त्यासाठी मी स्वतःला काचेच्या भांड्यासारखा जपत होतो. छातीत जरा कुठे दुखले की पहिला विचार येई, अजून नाही. पत्नीला हे दिसत होते. एकदा मी सोफ्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले होते, तर तिने जवळ येऊन नाकाशी हात धरला. मी डोळे उघडले. ती म्हणाली, "डास होता."

नवे आधार आले. दोन्ही कार्डांवर एकच स्त्री झाली. त्याच तरुण मुलीने पडद्यावर आकडे टाकले आणि या वेळी ती थांबली नाही. खाते उघडले गेले. नॉमिनीच्या रकान्यात पत्नीने मुलीचे नाव लिहिले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं लिहिणार होते. पण तुमचा भरवसा नाही." बँकेतली मुलगी काही कळले नसतानाही हसली.

त्यानंतर मी सहकारी बँकेत जाऊन ठेवी मोडल्या. रुग्णालयासाठी लागतील, एवढेच व्यवस्थापकांना सांगितले. ते अर्धसत्य होते, पण खाजगी गोष्ट खिडकीवर सांगण्याची मला सवय नाही. घरी येऊन चेक लिहिला. तिचे ते पूर्ण नाव मी प्रथमच माझ्या हाताने लिहीत होतो. सावकाश लिहिले. तिने तो आपल्या पर्समध्ये ठेवला आणि बाजारात जाऊन नव्या खात्यात भरला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात दाखल होणार होतो.

दाखल झालो. मनगटाला पट्टी बांधली, अंगावर हिरवा झगा चढवला. मुलगी खाली औषधांच्या काउंटरवर होती. पत्नी खाटेशेजारी स्टुलावर. तेवढ्यात माझा फोन वाजला. सहकारी बँकेचे व्यवस्थापक होते.

"सर, एक चेक आया है आपका. बहुत बड़ा है. पूछे बिना पास नहीं करूँगा."

"मीच लिहिला आहे. पास करा," मी हिंदीत म्हणालो.

"किसी मैडम के नाम है. आप तो बोले थे हॉस्पिटल के लिए चाहिए." त्यांचा आवाज खाली आला. "सर, कोई आपको फ़ोन पर डरा तो नहीं रहा? कोई पास में बैठा है क्या?"

मी पत्नीकडे पाहिले. ती खरोखरच पास बसली होती. मी बोलायचा प्रयत्न केला आणि माझा आवाज कापला. तो शस्त्रक्रियेच्या भीतीने कापत होता, पण पलीकडच्या माणसाला ते कसे कळावे?

"डरिए मत सर," ते म्हणाले. "मैं चेक रोक देता हूँ. आप आराम से ब्रांच आइए, तब देखेंगे."

"रोकू नका," मी ओरडलो. परिचारिका वळून पाहू लागली. शाखेत मी कधी येणार होतो? येणार होतो की नाही, हेच तर कोणाला ठाऊक नव्हते. चेक थांबला असता तर पैसा माझ्या नावाने राहिला असता, आणि माझी नॉमिनी आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. मी म्हणालो, "त्या माझ्या पत्नी आहेत."

"सर, आपकी वाइफ़ का नाम तो मेरे सामने लिखा है नॉमिनी में. ये तो कोई और हैं."

"तीच आहे."

"सर..." त्यांचा अजिबात विश्वास बसला नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. ते आपले काम नीट करत होते.

पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला.

"भाईसाहब, मैं बोल रही हूँ. नाम शादी में बदला था, अब वापस बदल लिया. इनका ऑपरेशन है. अभी ले जाएँगे."

पलीकडचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू आला. "आप... संक्रांत पे तिल के लड्डू लाती हैं जो? जो बोलती हैं मीठा बोलो?"

"हाँ, वही."

"भाभीजी, आपने तो डरा दिया."

"मैंने नहीं, इन्होंने डराया. इनकी आवाज़ ही ऐसी है."

ते हसले. मग गंभीर झाले, आणि चेक पास करतो म्हणाले. सरांना सांगा, काळजी करू नका, असेही म्हणाले. तिने फोन माझ्या उशीखाली ठेवला, मग काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

"तिथे फोन नेऊ देत नाहीत," ती म्हणाली.

तासाभराने मी म्हणालो, "संदेश आला का ते बघ. पैसे जमा झाल्याचा."

"येईल."

"बघ आधी."

तिने आपला फोन काढला. चष्मा शोधला. दोन माणसे चाकांची खाट घेऊन आली आणि मला तीवर सरकवू लागली. छतावरचे दिवे हलू लागले. ती चष्मा लावून, फोन डोळ्यांपासून लांब धरून, माझ्याबरोबर चालत होती. दारापाशी त्यांनी तिला थांबवले.

"आला," ती म्हणाली. "जमा झाले."

"किती? सगळे?"

"सगळे. जा आता."

मी घाबरलेलाच होतो. मला शस्त्रक्रिया नको होती. पण आता ती भीती माझ्या एकट्याची होती, आणि तेवढी घेऊन आत जाणे मला शक्य होते. दार बंद होण्यापूर्वी मी तिला हाक मारली. कोणत्या नावाने, ते मला आठवत नाही. तिने ओ दिली.